हिवाळ्यातलं दाणापाणी

कारखान्याचं कॅन्टीन बंद झालं त्या दिवशी वहिनींनी शेवटच्या माणसाच्या ताटात सूप वाढलं, पातेलं आडवं करून तळाशी राहिलेलंही निपटून त्यालाच दिलं, आणि डोक्यावरची जाळीची टोपी काढून खुंटीला अडकवली. नव्या कंत्राटदाराकडे जेवण म्हणे डब्यांत बंद होऊन बाहेरून येणार होतं. त्याला डबे उघडणारी माणसं हवी होती, रांधणारी नको होती.

वहिनी हे काही त्यांचं नाव नव्हे. त्यांचे यजमान त्याच कारखान्यात वायरमन होते आणि सगळे त्यांना दादा म्हणत, त्यामुळे ह्या आपोआप साऱ्या कारखान्याच्या वहिनी झाल्या. मोठे साहेबसुद्धा रांगेत ताट घेऊन उभे राहिले की म्हणायचे, "वहिनी, आज जरा हात सैल सोडा." वहिनींचा हात सैलच असायचा. त्यांना कमी वाढताच येत नसे. लग्नाला इतकी वर्षं झाली, मूलबाळ झालं नाही, त्याचं दुःख त्यांनी कधी कुणापुढे उगाळलं नाही. पण दुपारच्या भोंग्यानंतर ती भुकेली रांग दारातून आत येऊ लागली की त्यांचा चेहरा असा काही खुलायचा, की पाहणाऱ्याला कळावं.

जाताना त्यांनी मुकादमाला विचारून एक जुना ॲल्युमिनियमचा ट्रे घरी नेला. कोपरा चेपलेला होता, कुणाच्या उपयोगाचा नव्हता.

घरात आता दोघीच होत्या. वहिनी आणि त्यांच्या नणंदबाई, म्हणजे वन्सं. दादांना जाऊन तीन वर्षं होत आली होती.

वन्संनी लग्न केलं नव्हतं. त्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसून गाड्यांच्या घोषणा देत. आवाज असा, की गाडी दोन तास उशिरा येणार आहे ही बातमीही लोक शांतपणे ऐकून घेत. बाजारात भाजी घेताना त्यांनी तोंड उघडलं की चार माणसं वळून बघायची, कारण आवाज ओळखीचा आणि चेहरा कधी न पाहिलेला. घरीही त्यांचं तोंड सतत चालू असे. दादा म्हणायचे, "हिची पाळी संपली तरी हिचा मायक्रोफोन बंद होत नाही."

मग दादांना पोटाचा आजार झाला. रिपोर्ट आले तेव्हा ते वहिनींना म्हणाले, "तिला सांगू नकोस. ती खचेल. थोडं बरं वाटू दे, मग सांगू." वहिनींनी मान डोलावली. दादांना पित्ताचा त्रास आहे, एवढंच वन्संना सांगितलं गेलं. थोडं बरं वाटायची वेळ आली नाही. उलट दादांनीच वन्संना मैत्रिणीकडे चार दिवस हवापालटाला पाठवलं, आणि त्या परत आल्या तेव्हा घरात शेजारीपाजारी बसलेले होते. वन्संनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. सरळ वहिनींसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुला माहीत होतं?"

"हो," वहिनी म्हणाल्या.

भांडण झालं नाही, रडारड झाली नाही. वन्सं रस्त्याकडच्या आपल्या खोलीत गेल्या, आणि त्यानंतर त्यांच्या तोंडून "ठेव", "नको" आणि "बरं" या तीन शब्दांपलीकडे फारसं काही निघालं नाही. नोकरी तेवढी त्यांनी उरकली. रिटायर झाल्यावर खोलीचं दार जे लागलं, ते जेवणाचं ताट आत घेण्यापुरतंच उघडू लागलं.

कॅन्टीन सुटल्यावर वहिनींची फार पंचाईत झाली. हाताला माप शंभर माणसांचं. दोघींपुरता स्वयंपाक करायला बसल्या तरी पातेलं भरून निघायचं. त्यात वन्संचं खाणं चिमणीएवढं. उरलेला पाव कडक व्हायचा, बटाटे शिळे व्हायचे, आणि टाकताना जीव तुटायचा. थंडी पडायला लागली होती. मागच्या बागेत, म्हणजे कुंपणाच्या आतल्या खोलीएवढ्या तुकड्यात, एक निष्पर्ण झाड आणि दादांनी लावलेली दोरीची वलणी एवढंच होतं. एका सकाळी वहिनींनी पावाचा चुरा गवतावर टाकला. गवत दहिवरानं पांढरं झालेलं होतं. त्या आत येऊन हात पुसतात न पुसतात तोच बाहेर चिमण्यांचा गलका उठला.

वहिनी खिडकीशी उभ्या राहिल्या. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांचं वाढलेलं असं हावरटासारखं खात होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वलणीच्या खांबावर तो चेपलेला ट्रे खिळ्यानं ठोकला. दुकानातून पक्ष्यांचे दाणे आणले, सूर्यफुलाचं बी आणलं. शेजारी वाटीत पाणी ठेवलं. पाणी सकाळी गोठलेलं असायचं, त्यात त्या किटलीतलं कोमट पाणी ओतायच्या. चिमण्या आल्या, पारवे आले, लाल छातीचा एक चिमुकला पक्षी आला, आणि हिरवट पिवळ्या अंगाचे, जाड चोचीचे असे काही पक्षी थव्यानं आले. त्यांची खरी नावं वहिनींना ठाऊक नव्हती. कारखान्यातल्या तरी किती जणांची होती?

अशाच एका सकाळी वहिनी चुलीपाशी सूप ढवळत होत्या. वन्सं पाण्याचा तांब्या भरायला स्वयंपाकघरात आल्या. तांब्या भरला. आणि नेहमीसारख्या परत न जाता त्या खिडकीपाशी थांबल्या.

"तो जाडा कोण?" वन्संनी विचारलं.

वहिनींच्या हातातली पळी थबकली. मागे वळून बघावंसं फार वाटलं, पण बघितलं तर वन्सं निघून जातील अशी धास्ती वाटली. त्या पातेल्यातच बघत म्हणाल्या, "कोणता?"

"तो हिरवा. उशिरा आला आणि बाकीच्यांना ढकलून मधोमध बसला. काय मिजास आहे!"

"असेल कुणाचा तरी जावई," वहिनी म्हणाल्या.

मागे फुसकन आवाज आला. वन्सं हसल्या होत्या.

तेव्हापासून त्या हिरव्या पक्ष्याचं नाव जावई पडलं. लाल छातीचा तो पोलीस, कारण तो एकटाच यायचा आणि सगळ्यांना हुसकावून लावायचा. पारव्यांची जोडी म्हणजे पेन्शनर, ट्रेखाली सांडलेलं वेचत दिवसभर तिथेच. वन्संनी खिडकीशी खुर्ची ओढून घेतली. सकाळचा चहा तिथेच, दुपारचं जेवणही तिथेच. आधी पक्ष्यांबद्दलच बोलायच्या. मग पक्ष्यांवरून गाडी दुसरीकडे वळू लागली. "आमच्या स्टँडवर एक कंडक्टर होता, अगदी याच्यासारखा मान तिरकी करायचा." मग त्या कंडक्टरची गोष्ट. वहिनी कणीक मळता मळता ऐकायच्या आणि मध्येच हुंकार द्यायच्या. कमी-जास्त काही बोलायच्या नाहीत. हे सगळं फार नाजूक आहे, धक्का लागला तर सांडेल, असं त्यांना वाटत राहायचं.

एकदा थवा झाडावरून एकदम ट्रेवर उतरला तेव्हा वन्संनी पाठ ताठ केली, घसा साफ केला आणि त्या जुन्या आवाजात म्हणाल्या, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. कुंपणाकडून येणारी चिमण्यांची गाडी आपल्या ठरलेल्या वेळेवर दोन नंबरच्या फलाटावर येत आहे. आपल्या दाण्यांची आपणच काळजी घ्यावी."

वहिनींना इतकं हसू आलं की त्यांनी पदर तोंडात कोंबला. आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते वन्संना दिसू नये म्हणून त्या कोठीत गेल्या आणि उगाचच बटाटे चाळत बसल्या. आपण वाचलो, असं त्यांना वाटलं. दोघीही वाचलो.

पहिला आजारी पक्षी त्यांना ट्रेमध्येच दिसला. हिरव्यांपैकीच होता. बाकीचे उडाले तरी हा बसूनच. अंगाचा फुगून गोळा झालेला, जणू रजई पांघरून बसलाय. दाणा चोचीत धरायचा, चावल्यासारखं करायचा आणि ओला करून पुन्हा ट्रेमध्ये टाकायचा. पुन्हा धरायचा, पुन्हा टाकायचा. वहिनींना वाटलं, थंडीनं गारठलाय, दाणा कडक लागत असेल. त्यांनी कॅन्टीनमध्ये आजाऱ्यांसाठी करायच्या तसे दाणे कोमट पाण्यात मऊ भिजवले आणि ट्रेभर पसरले. ते मऊ दाणे सगळ्यांनीच आवडीनं खाल्ले.

दुसऱ्या दिवशी तो पक्षी ट्रेखाली गवतावर पडलेला होता. पायांची बोटं आवळलेली. वहिनी वाकून त्याला उचलतात तोच खिडकीतून वन्संनी हाक मारली, "वहिनी, जावई आला का गं?"

"अजून नाही," वहिनी म्हणाल्या, आणि पक्षी त्यांनी एप्रनच्या खिशात टाकला.

त्यात लपवण्याचा काही बेत नव्हता. हात आपोआप खिशाकडे गेला, एवढंच. एखाददुसरा पक्षी थंडीनं जायचाच. पण मग आणखी एक सापडला, मग कुंपणाखाली दोन, मग पाण्याच्या वाटीत तोंड घालून पडलेली एक चिमणी. वहिनींना झोप लागेना. शेवटी एक फुगलेला पक्षी, जो उडालाच नाही आणि मुकाट्यानं हातात आला, त्यांनी बुटांच्या खोक्यात घातला. लोकर आणायला जातेय असं वन्संना सांगून त्या जनावरांच्या दवाखान्यात गेल्या.

तिथली डॉक्टरबाई तरुण होती, हातावर मांजरांनी ओरबाडल्याच्या खुणा. तिनं पक्ष्याची चोच अलगद उघडून आत उजेड टाकला. मग वहिनींनाही दाखवलं. घशात पिवळट गाठी साचल्या होत्या.

"गिळता येत नाही त्याला," ती म्हणाली. "पोट रिकामं आहे. हा उपाशी मरतोय, दाण्यांत बसून. तुम्ही घरी खायला घालता का?"

"हो. ट्रे आहे. पुष्कळ येतात."

"मग तिथूनच पसरतंय. हा दाणा तोंडात घेतो, ओला करून टाकतो, तो दुसरा उचलतो. पाण्यातूनही तसंच. एरवी हे पक्षी विखुरलेले असतात, एकाचं दुसऱ्याला इतक्या लवकर लागत नाही. तुम्ही सगळ्यांना एका ताटात जेवायला बसवलंत."

"मी दाणे भिजवून घातले हो. मऊ होतील म्हणून."

डॉक्टरबाईनं पक्षी पुन्हा खोक्यात ठेवला. मग म्हणाली, "तुम्हाला काय माहीत, आई. पण आता लगेच बंद करा. ट्रे ब्लीचिंग पावडरनं धुऊन उलटा ठेवा. हिवाळा संपेपर्यंत काही घालू नका, म्हणजे ते पांगतील."

"एवढ्या थंडीत? उपाशी मरतील ना."

"काही मरतील," डॉक्टरबाई म्हणाली. "चालू ठेवलंत तर खूप मरतील."

खोक्यातल्या पक्ष्याला तिनं तिथेच ठेवून घेतलं. त्याचं पुढे काय करणार हे वहिनींनी विचारलं नाही.

घरी येताना त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं, की जायचं आणि ट्रे उपटायचा. वन्संना काय ते सरळ सांगायचं. वाक्यंही जुळवली होती. फाटकातून आत आल्या, दार उघडलं, आणि वन्सं समोर उभ्या. न्हालेल्या. केस विंचरून अंबाडा घातलेला. ट्रंकेतून काढलेला, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा जुना कोट अंगावर.

"बघतेयस काय अशी? भूत नाहीये मी," वन्सं म्हणाल्या. "कोट होतो का बघत होते. अगं, थंडी थोडी कमी झाली की मी बाहेर येईन म्हणते. दाणे मी टाकीन. तुझ्या हातून ते खातात, माझ्याही खातील की." आणि जरा थांबून, जमिनीकडे बघत म्हणाल्या, "वहिनी, मी फार दिवस खोलीत बसले, नाही?"

वहिनींनी जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे पळाली.

"लोकर मिळाली का?"

"नाही. संपली होती," वहिनी म्हणाल्या.

त्या दिवशी ट्रे निघाला नाही. वहिनींनी तो उकळत्या पाण्यानं धुतला, पावडर लावून घासला, वाटीतलं पाणी रोज बदलायला लागल्या. स्वच्छ ठेवलं तर थांबेल, असं स्वतःला बजावलं. वन्संना थोडं बरं वाटू दे, मग सांगू, असंही बजावलं. हे वाक्य आधी कुणाचं होतं ते त्यांना लख्ख आठवलं. तरी त्या थांबल्या नाहीत.

थवा मोठा होता, आणि ज्यांना लागण व्हायची त्यांना झाली होती. वहिनी उजाडायच्या आत बागेत जायला लागल्या. दहिवरानं गारठलेल्या गवतात हातानं चाचपत मेलेले गोळा करायच्या. दादांचं खुरपं घेऊन कुंपणाच्या कडेला पुरायच्या. जमीन थंडीनं दगडासारखी झालेली, खुरपं आत शिरायचं नाही, मग वरवर माती सारून त्यावर वाळका पाला ओढायच्या. इतकं हलकं असतं एकेकाचं अंग, की हातात काही आहे असं वाटत नाही. हात धुऊन त्या चहा ठेवायच्या, दाणे टाकायच्या, आणि वन्सं उठून खिडकीशी येईपर्यंत सगळं जागच्या जागी असायचं. जावई कधीचाच गेला होता. दुसरा तसाच एक जाडा हिरवा दिसला की वहिनी म्हणायच्या, "तो बघा, आला." वन्सं चष्मा पुसून बघायच्या आणि म्हणायच्या, "वाळलाय का गं जरा?"

"सासुरवाडीत पहिल्यासारखं विचारत नसतील," वहिनी म्हणायच्या, आणि स्वतःच्याच विनोदाची त्यांना शिसारी यायची.

मग एका सकाळी ऊन पडलं. वहिनी कोठीत होत्या. वन्संनी कोट चढवला, मुठीत दाणे घेतले आणि कुणाला न सांगता मागचं दार उघडून बागेत गेल्या. दादा गेल्यापासून त्या बागेत पाऊल टाकलं नव्हतं त्यांनी. वहिनींना चकित करायचं होतं.

शेजारी एक सलूनवाला राहायचा, त्याचा कुत्रा कुंपणाच्या फटीतून यायचा. आदल्या रात्री त्या कुत्र्यानं येऊन पाला उकरला होता.

वहिनी बाहेर आल्या तेव्हा वन्सं कुंपणापाशी उभ्या होत्या. मूठ उघडलेली, दाणे पायांशी सांडलेले. पुढ्यात मातीत माखलेले पंख, हिरवे, तपकिरी, एकमेकांत अडकलेले. कुंपणापलीकडून सलूनवाला कुत्र्याला आवरत ओशाळून म्हणत होता, "माफ करा हं ताई, मारून टाकलेत वाटतं यानं." वन्संनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"कुत्र्यानं नाही मारले हे," त्या म्हणाल्या. "पुरलेले होते. वहिनी, हे काय आहे?"

वहिनींनी सांगितलं. घशाच्या गाठी, दाणे, ट्रे, सगळं.

"कधी कळलं तुला?"

"लोकर आणायला गेले होते त्या दिवशी."

"त्या दिवशी मी कोट काढला होता," वन्सं सावकाश म्हणाल्या. "डॉक्टरबाई काय म्हणाली?"

"बंद करा म्हणाली. लगेच."

"मग?"

"तुम्ही खिडकीशी बसायला लागला होतात," वहिनी म्हणाल्या. "बोलायला लागला होतात. मला वाटलं, बंद केलं तर..."

"म्हणजे माझ्यासाठी."

"हो."

वन्संनी खाली बघितलं. बुटाच्या टोकानं एक पंख पाल्याखाली सारायचा प्रयत्न केला, पण तो पुन्हा बाहेरच आला. त्यांचा आवाज चढला नाही. घोषणा देताना असायचा तसा सपाट, स्पष्ट होता.

"तेही माझ्यासाठीच केलं होतंत. मला एकदा तरी विचारलंत का गं? मी इतकी काय काचेची आहे? माझ्या नावावर आणखी किती घालणार आहात तुम्ही दोघं?"

तुम्ही दोघं. वहिनी तिथेच गवतावर बसल्या.

वन्सं खांबाकडे गेल्या. ट्रे हलवून हलवून खिळा सैल केला, दाण्यांसकट तो खाली आपटला, आणि आत निघून गेल्या. खोलीचं दार लागलं.

पण खरा छळ पुढे होता. पक्ष्यांना काय ठाऊक? दुसऱ्या दिवशी उजाडताच ते आले. ट्रे नव्हता, तर खांबावर बसले, वलणीच्या दोरीवर बसले, रिकाम्या गवतात चोची मारत राहिले. थंडी पुन्हा वाढली होती, बादलीतल्या पाण्यावर बर्फाचं झाकण धरलं होतं. ते पांगले पाहिजेत, असं डॉक्टरबाईनं सांगितलं होतं. तेव्हा वहिनी पंचा घेऊन बाहेर गेल्या आणि त्यांनी पक्ष्यांना हाकललं. ज्या बाईनं उभ्या जन्मात रांगेतलं एक माणूस रिकाम्या ताटानं परत पाठवलं नव्हतं, ती पंचा झटकत "हड! हड! जा!" असं ओरडत बागभर धावत होती. पक्षी उडायचे, झाडावर बसायचे, आणि ती आत गेली की पुन्हा उतरायचे. त्यांना तो राग वाटतच नव्हता. त्यांना वाटायचं, आता आणेल.

कुंपणापलीकडून सलूनवाला म्हणाला, "वहिनी, काय झालं? आधी बोलावून खायला घातलंत, आता मारायला उठलात?"

वहिनी पंचा झटकत राहिल्या.

हळूहळू ते येईनासे झाले. किती पांगले आणि किती मेले, हे कळायला काही मार्ग नव्हता. पोलीस तेवढा बरेच दिवस येत होता, एकटाच. मग तोही दिसला नाही.

वन्संचं ताट पुन्हा दाराशी जाऊ लागलं. वहिनी दारापाशी उभ्या राहून म्हणायच्या, "वन्सं, चुकलं माझं. बोला ना काहीतरी. शिव्या द्या हवं तर." आतून आवाज यायचा, "ठेव." एकदा वहिनी चिडल्यासुद्धा. दारावर थाप मारून म्हणाल्या, "मी तरी काय करायचं होतं? तुमचं हसू परत आलेलं मी माझ्या हातानं घालवायचं होतं का?" मग वन्सं म्हणाल्या, "हो. तेच करायचं होतं." वहिनी भांडी घासायला गेल्या.

हिवाळा सरता सरता वहिनींना एकदा खोलीतून वन्संचा आवाज ऐकू आला. पूर्ण वाक्यं, स्पष्ट, व्यवस्थित. त्यांच्या मनात आशा उसळली. हात पुसत त्या दाराशी गेल्या, तर वन्सं फोनवर बोलत होत्या. गावाबाहेर हमरस्त्याला लागून म्हाताऱ्या माणसांचं एक निवास होतं, तिथे खोली रिकामी आहे का, ते विचारत होत्या.

जायच्या दिवशी रिक्षा फाटकात उभी राहिली. वहिनींनी डबा भरून दिला होता, जरुरीपेक्षा तिप्पट.

"इथं काय कमी होतं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तू वाईट नाहीस, वहिनी. पण तू चहा दिलास तरी मला वाटतं, यात काय लपवलंय? असं नाही राहता येत गं."

रिक्षा गेली. वहिनी परत आल्या आणि खिडकीजवळची खुर्ची उचलून त्यांनी माळ्यावर टाकली.

त्या दर रविवारी भेटायला जात. निवासात वन्संची खोली दुसऱ्या मजल्यावर होती, खिडकीतून ट्रकांचा तळ दिसायचा. वन्सं चार शब्द बोलायच्या. आयाला सांगायच्या, "माझी वहिनी आहे, चहा आण." डब्यातलं दोन घास खायच्या, उरलेलं इतरांना वाटायला सांगायच्या. म्हातारी माणसं ताटल्या घेऊन गोळा व्हायची आणि वहिनींच्या हाताचं नाव काढायची. वहिनी वाढायच्या, पण पूर्वीसारखा हात चालायचा नाही. पळी उचलताना मध्येच थबकायची, घातलं हे बरं की न घातलं हे बरं, असं काहीसं मनात यायचं, आणि समोरचा म्हातारा ताटली पुढे धरून वाट बघत राहायचा.

"चला ना घरी," एकदा त्या म्हणाल्या.

"घरी काय आहे?" वन्संनी विचारलं. खोचून नाही, खरोखरच विचारलं. वहिनींनी रिकामा डबा पिशवीत भरला.

पुढचा हिवाळा आला. सलूनवाल्यानं आपल्या अंगणात फळीचं एक छान घरटंवजा खोपटं उभारलं. वर उतरतं छप्पर, खाली दाण्यांची पेटी. गिऱ्हाईकांना मोबाइलवर फोटो दाखवायला त्याला फार आवडायचं. कुंपणावरून डोकावून त्यानं हाक मारली, "वहिनी, तुम्हाला अनुभव आहे. काय घालू ह्यांना?"

वहिनी वलणीवरचे कपडे काढत होत्या. त्या कुंपणाजवळ आल्या. "काही घालू नका," त्या म्हणाल्या. मग त्याचा उतरलेला चेहरा बघून म्हणाल्या, "घालायचंच असेल तर थोडं घाला. संध्याकाळी उरलेलं काढून टाका. पेटी रोज उकळत्या पाण्यानं धुवा. कुणी फुगून बसलेला दिसला की त्या क्षणी बंद करा. त्या क्षणी, समजलं?"

"हो हो," सलूनवाला हसत म्हणाला. "तुम्ही अगदी हॉस्पिटलच काढलंत, वहिनी."

दुसऱ्या दिवसापासून पलीकडे कलकलाट सुरू झाला. वहिनींना तो न्हाणीघरातही ऐकू यायचा. त्यानं पेटी धुतली की नाही, हे टाचा उंचावून कुंपणावरून बघितलं असतं तर कळलं असतं. त्यांनी बघितलं नाही. कपडे वाळत घालायच्या, वाळलेले काढायच्या, आणि मान खाली घालून आत यायच्या.